पाण्याकाठी सोडलेली बाई

अमेरिकन कादंबरीतलं प्रेम, ताटातूट आणि सरता काळ, असा एक प्रश्न मी नोकरीभर पेपरात काढत आले. कधी शब्द फिरवून, कधी तसाच. मुलं कंटाळली, मी कंटाळले नाही. या प्रश्नाचं उत्तर मला फार चांगलं येतं, असा माझा कॉलेजात लौकिक होता. हैदराबादेत तेव्हा अमेरिकन पुस्तकं शिकवणाऱ्या बायका थोड्या आणि त्यात मराठी तर मी एकटीच, त्यामुळे लौकिक मिळवणं काही अवघड नव्हतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण माझ्या वहिनीच्या तोंडात सारखी असायची. माझ्यासाठी तिनं ती एकदाही वापरली नाही. वापरली असती तर बरं झालं असतं.

वहिनी म्हणजे माझ्या एकुलत्या एका भावाची बायको. आमचं मूळ गाव नांदेडच्या पलीकडं, घर शेतकऱ्याचं. आई मला आठवतच नाही, वडील गावी शेतीपाशीच राहिले. दादाला महसूल खात्यात कारकुनी मिळाली आणि तो हैदराबादला आला, तेव्हा नव्या नवरीबरोबर परकर नेसलेली बहीणही त्याच्या संसारात आली. वहिनीनं मला न्हाऊमाखू घातलं, माझ्या वेण्या घातल्या, मला ताप आला की उशाशी बसून राहिली. स्वतःची लेक पुढं बऱ्याच वर्षांनी झाली. तोवर तिची लेक मीच होते.

गौलीगुड्यात आमच्या दोन खोल्या होत्या आणि मागं शहाबादी फरशीचं अंगण. बस स्टँड इतका जवळ की कंडक्टरांच्या हाका अंगणात ऐकू यायच्या. शाळा जामबागेत, चालत जाण्याजोगी. दादा उर्दूत शिकलेला. तो बोलायचा मराठी, पण लिहायचा उर्दू, आणि हिशेब करताना पुटपुटायचाही उर्दूतच. वहिनी शाळेत गेलेली नव्हती, पण आजोबांच्या मांडीवर बसून पोथीतली अक्षरं शिकली होती. म्हणजे घरात मराठी वाचता येणारी खरी तीच.

मी कॉलेजात गेले त्या सुमारास शहरात अमेरिकन लोकांनी एक वाचनालय उघडलं होतं. पंखे, गुळगुळीत टेबलं, नव्या कागदाचा वास. मी तिथं जाऊन बसायची ती निम्मी पुस्तकांसाठी आणि निम्मी पंख्यासाठी. तिथून एकदा मी एक जाडजूड कादंबरी घरी आणली. तिचं नाव सांगत नाही. सांगितलं तरी आता कोणी ओळखणार नाही. आमच्या प्राध्यापकांनी तिच्यावर टिपण करायला सांगितलं होतं आणि माझं इंग्रजी कच्चं. मग मी युक्ती काढली. दुपारी वहिनी अंगणात चिंच फोडत बसली की मी शेजारी बसून एकेक पान वाचायची आणि तिला मराठीत सांगायची. तिला सांगितलं की माझ्या डोक्यात पक्कं बसायचं. थोडक्यात, तिच्यावर माझा अभ्यास चालला होता. तिला मात्र वाटलं, मी तिच्यासाठी पोथी लावली आहे.

पहिल्याच दिवशी तिनं पुस्तक जमिनीवर ठेवू दिलं नाही. पाट मांडला. दुसऱ्या दिवशी वर हळदकुंकू टाकायला निघाली तेव्हा मी ओरडले, कारण पुस्तक वाचनालयाचं होतं. "बरं माय, नक्को," ती म्हणाली आणि कुंकवाचं बोट स्वतःच्याच कपाळाला लावून घेतलं.

गोष्ट दोन बहिणींची होती. गव्हाच्या मुलखातलं एक लहानसं गाव, शेजारी नदी. आई गेलेली, थोरलीनं धाकटीला वाढवलेलं. मग त्या भागातून आगगाडी जाते, पण नदीच्या पलीकडून, लांबून. तेव्हा गावच उठतं. लोक आपली लाकडी घरं ओंडक्यांवर चढवतात, बैल जुंपतात आणि घरं ओढत रुळाशेजारी नेतात. हे ऐकून वहिनीचा हात चिंचेत तसाच राहिला.

"घरं वढत नेली? दारंखिडक्यांसगट?"

"हो."

"आन् तुळस?"

"त्यांच्याकडं तुळस नसते, वहिनी."

"मंग बरं झालं," ती म्हणाली. "तुळस वढता येत न्हाई."

पुस्तकात थोरली जागा सोडत नाही. आईची कबर तिथं आहे म्हणून. धाकटी नव्या गावात शाळेसाठी जाते आणि वचन देते, बर्फ पडायच्या आत येऊन तुला घेऊन जाईन.

अमेरिकन पुस्तकांबद्दल मी पुढं पुष्कळ बोलले, पुष्कळ लिहिलं. त्यांच्याकडं जमीन अफाट, म्हणून माणूस सारखा निघालेला असतो, आणि जो निघतो त्याच्यामागं कोणीतरी उंबऱ्यात उभं असतं. कादंबरी जाणाऱ्याबरोबर जाते. उंबऱ्यातल्या माणसाचं काय झालं हे त्याला कळतं तेव्हा वेळ टळलेली असते. हे सगळं मी चांगल्या टाळ्या मिळतील असं मांडत असे. वहिनीला ते पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. ती एवढंच म्हणाली, "ही थोरली वाट बघून बघून मरंल बघ."

वहिनीचा एक नियम होता. माणूस संकटात असताना पोथी बांधायची नाही. तिच्या माहेरी श्रावणात देवळात पोथी लागायची. एखादा अध्याय राजाला रानात सोडून संपला, तर तिचे आजोबा पुढच्या ओव्या वाचत जायचे, राजाला कुठंतरी आसरा मिळेपर्यंत, आणि मगच पोथी रुमालात बांधायचे. नाहीतर रात्रभर त्या माणसाला तिथंच राहावं लागतं, आणि ऐकणाऱ्यालाही चैन पडत नाही. इंग्रजी प्रकरणं मुद्दाम माणसाला लोंबकळत ठेवून संपतात. मग मी काय करायची, तर पदरचं घालायची. लेखकानं बाईला वादळात सोडलं असलं तरी मी तिला घरी आणायची, चुलीपुढं बसवायची, काहीतरी ऊनऊन प्यायला द्यायची. वहिनीचा जीव खाली पडायचा. "आता बांध," ती म्हणायची.

ते भाषावार राज्यांचं वर्ष होतं. हैदराबाद राज्याच्या तीन वाटण्या व्हायच्या होत्या आणि आमचा जिल्हा मराठी मुलखाबरोबर मुंबई राज्यात जायचा होता. चौकाचौकात तीच चर्चा. आमच्या घरात कोणी बोलत नव्हतं, कारण बोललं की खरं होईल अशी सगळ्यांना भीती.

त्या दुपारी पुस्तकात बर्फ पडायला लागलं होतं. धाकटी आलेली नाही. थोरली नदीच्या काठावर येऊन उभी आहे, पलीकडं बघते आहे, पाणी कडेनं गोठायला लागलं आहे. इतक्यात दादा कचेरीतून अवेळी घरी आला. टोपी काढून त्यानं खुंटीला लावली, मग परत काढली, परत लावली.

"तबादल्याचा हुकूम आला," तो म्हणाला. "बंबईत टाकलं आपल्याला. गावाकडच्या तालुक्याला. निम्मी उमर उर्दूत गेली, आता म्हणे दफ्तरात मराठी लिहा."

वहिनी उठली, त्याला पाणी दिलं. मी पुस्तक मिटलं. त्या दिवशी थोरलीला कोणी घरी आणलं नाही.

पुढचे दिवस बांधाबांधीचे. भांडण एकाच गोष्टीवरून: माझं काय करायचं. दादाचं म्हणणं, लग्नाच्या वयाची मुलगी परमुलखात एकटी ठेवणार नाही. परमुलूख म्हणजे हैदराबाद, ज्यात आम्ही परवापर्यंत आपले म्हणून राहत होतो! मला कॉलेज सोडायचं नव्हतं. मी जेवण सोडलं, दार आपटलं, नको ते बोलले. "तुम्हांला तुमची ओझी तिकडं न्यायची आहेत, त्यात मी एक," असंही म्हणाले. दादानं हात उगारला. मधे वहिनी आली.

"ऱ्हाऊ द्या तिला," ती दादाला म्हणाली. "तुमी तिला उचलून न्याल, पन तिचं मन इथंच ऱ्हाईल. मंग ती ना इकडची ना तिकडची. शिकू द्या."

मला ठेवून जाणं तिला किती जड गेलं असेल, हे मी तेव्हा बघितलं नाही. मला फक्त जिंकल्याचा आनंद झाला. वसतिगृहात जागा मिळाली तेव्हा मी तिच्यासमोर नाचले. ती हसली आणि म्हणाली, "आता जायच्या आंदी त्या बाईला तेवढी घरी आन. पान्याकाठी हाय ती."

आता इथं माझी गोची होती. मधल्या काळात मी पुस्तक एकटीनं वाचून संपवलं होतं. थोरली वाट बघून थकते आणि धाकटीला शोधायला गोठलेल्या नदीवरून पलीकडं निघते. बर्फ तिला पेलत नाही. धाकटी येते ती वसंतात, पाणी वाहतं झाल्यावर. घर झाडलेलं असतं, सरपण रचलेलं असतं, माणूस नसतं. न येण्याची सगळी कारणं धाकटी तोंडात तयार ठेवून आलेली असते, आणि त्यातलं एकेक खरं असतं. ऐकायलाच कोणी नसतं.

हा शेवट वहिनीला सांगणं शक्य नव्हतं. मग रोजच्यासारखं पदरचं घालायला काय झालं होतं? तिला घरी आणायची, चुलीपुढं बसवायची, दोन वाक्यांचं काम. पण त्याच आठवड्यात आमच्या प्राध्यापकांनी वर्गात सांगितलं होतं की लेखकानं केलेल्या शेवटाला हात लावणं ही वाचकाची लबाडी आहे. ते माझ्या डोक्यात भिनलं होतं. मी आता साहित्याची विद्यार्थिनी होते, पोथी सांगणारी नव्हते. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीला अक्कल नसते असं नाही, पण ती नको तिथं वापरायची हौस फार असते.

"घाईत नको, वहिनी," मी म्हटलं. "दिवाळीला येते ना, तेव्हा निवांत पुरी करू."

त्यांची गाडी आमच्या मागच्याच स्टँडवरून सुटली. टपावर ट्रंका, वळकट्या, आणि डब्यात लावलेली तुळस वहिनीच्या मांडीवर. तिनं खिडकीतून माझा हात धरला होता तो गाडी हलली तरी सोडला नाही. मी गाडीबरोबर थोडी धावले.

"दिवाळीला ये," ती ओरडली. "ती बाई थंडीत उभी हाय, ध्यानात ठिव!"

आजूबाजूचे लोक हसले. मला लाज वाटली. पहिल्यांदा वाटलं ते हेच, लाज. रडू नंतर आलं.

दिवाळीला मी गेले नाही. सहामाही होती. उन्हाळ्यात जायचं ठरवलं तर वाचनालयात निबंध वाचायचं बोलावणं आलं. मग एम. ए., मग नोकरी. नव्या बाईला रजा कोण देतं? माझी कारणं धाकटीच्या कारणांइतकीच खरी होती. खरं तर मला त्या पाटासमोर बसायचं नव्हतं. वहिनी विचारेल आणि मला एकतर तिचं मन मोडावं लागेल, नाहीतर खोटं बोलावं लागेल, आणि दोन्हींत मी लहान ठरेन. म्हणून मी जातच नसे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी गौलीगुड्यातच खोली घेऊन राहत होते. संध्याकाळी घरी येताना स्टँडवर "नांदेड, नांदेड, नांदेड" अशी हाक ऐकू आली की मी पावलं उचलायची. कंडक्टर बिचारा सगळ्या जगाला बोलावत असायचा, पण चोराच्या मनात चांदणं.

अजिबातच गेले नाही असंही नाही. लग्नकार्याला गेले, वडील गेले तेव्हा गेले, दादा गेला तेव्हाही गेले. माणसांच्या गर्दीत जायची आणि गर्दीतच निघायची. वहिनी तेवढ्यात मला दाराशी गाठायची आणि हळूच विचारायची, "ती आजून पान्याकाठीच हाय का गं?"

"आहे," मी म्हणायची. "पुढच्या खेपेला आणू घरी."

"आन माय. कवाची उभी हाय."

दादाच्या दिवसांतही तिनं हे विचारलं. कपाळ रिकामं, डोळे सुजलेले, आणि काळजी त्या पुस्तकातल्या बाईची. माझ्यासमोर ती बसली होती, घर माणसांनी भरलेलं असलं तरी मागच्या अंगणात कोणी नव्हतं, आणि माझ्याकडं अख्खी दुपार होती. मी परतीच्या गाडीची वेळ सांगितली.

वर्गात मात्र तो शेवट मी फार सुंदर सांगायची. घर झाडलेलं, सरपण रचलेलं, इथं आले की आवाज खाली आणायची आणि थोडी थांबायची. मुली रुमाल काढायच्या. कितीतरी तुकड्यांना मी तो शेवट सांगितला. जिनं तो मागितला होता तिला तेवढा सांगितला नाही. हे मला त्या वेळी कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. प्रत्येक वर्षी कळायचं, आवाज खाली आणायच्या जागेवर बरोबर कळायचं, आणि तरी त्या सुट्टीत मी दुसरीकडं जायची.

निवृत्त होऊन मी हैदराबादच्याच एका टोकाला, कुकटपल्लीला राहायला आले. एके दिवशी भाचीचा फोन आला. हीच ती वहिनीची उशिरा झालेली लेक, आता तिचीही मुलं मोठी झालेली.

"आत्या, आई विसरायली," ती म्हणाली. "मला ताई म्हणायली. तुम्हांला यायचं आसंल तर आता या."

लगेच निघाले का? नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतलेली होती. इतक्या वर्षांत एकदाही खोटं कारण दिलं नाही, हे माझ्या बाजूनं म्हणता येईल तर म्हणावं.

गाडीत मात्र मी ठरवून टाकलं. प्राध्यापक गेले चुलीत, लेखक गेला चुलीत. बसल्याबरोबर सांगायचं: वहिनी, धाकटी आली, थोरलीला घरी नेलं, शाल पांघरली. रस्ताभर मी ती वाक्यं घोकत होते. पहिल्यांदा शाळेत कविता म्हणायला उभी राहिले होते तेव्हा अशीच घोकत होते, आणि ती कविता माझ्याकडून वहिनीनंच पाठ करून घेतली होती.

वहिनी ओसरीवर उन्हात बसली होती. एवढीशी झाली होती. मांडीवर काही नव्हतं, पण बोटं चिंच फोडल्यासारखी हलत होती. भाची म्हणाली, "आई, बघ कोन आलंय."

वहिनीनं वर बघितलं. "या, बसा," ती म्हणाली. "तुमी कुठल्या?"

तिनं मला जन्मात कधी 'तुमी' म्हटलं नव्हतं. भाची नाव सांगायला पुढं झाली, तिला मी हातानं थांबवलं. का थांबवलं? ओळख पटली तर हिशेब द्यावा लागेल म्हणून. त्या घटकेलाही माझ्या मनात आलं ते हेच.

"हैदराबादची," मी म्हटलं.

तिचा चेहरा एकदम उजळला. "माझी नणंद हाय तिथं. कालिजात शिकवती. लई हुशार. माझ्यासाठी पोथी लावली व्हती तिनं, दोन भैनींची." आणि ती मला गोष्ट सांगायला लागली. गव्हाचा मुलूख, नदी, ओढत नेलेली घरं, बैल. काही चुकलं नाही. माझ्या तेव्हाच्या कच्च्या भाषांतरातले शब्दसुद्धा तिनं तसेच ठेवले होते. मी रोज शेवटी जे पदरचं घालत असे, ती ऊनऊन पेयं, ती चूल, तेही सगळं होतं. थोरली पाण्याकाठी येऊन उभी राहिली तिथवर ती आली आणि थांबली. मी घोकलेलं वाक्य ओठांवर आणलं, पण तिनं मला बोलू दिलं नाही.

"तिथं आमची पोथी ऱ्हायली," ती म्हणाली. "नणंदेला सवड न्हाई घावली. शिकायचं आसतंय, नोकरी आसती, मान्साला काय एक आसतंय का? मंग मीच आनली तिला घरी."

"कशी?" मी विचारलं.

"धाकटी आली की. उशिरा आली, पन आली. बर्फ केवढं रस्त्यात, येनार कशी लवकर? थोरली कायबी बोलली न्हाई तिला. दोगी चुलीपुढं बसल्या. मंग मी पोथी बांधली." तिची बोटं थांबली. तिनं माझ्याकडं वाकून बघितलं, परक्या माणसाला काम सांगताना बघतात तसं, जरा संकोचानं. "तुमी माझं एक काम करा. हैद्राबादला गेल्या की माझ्या नणंदेला भेटा, म्हनावं, ती बाई घरी पोचली. तिला वाटत आसंल आजून पान्याकाठीच उभी हाय म्हून. हळवी हाय ती, मनाला लावून घेती. तिचा जीव तिथं अडकला आसंल."

"सांगते," मी म्हटलं.

"इसरू नका बरं," वहिनी म्हणाली. "लई दिवस झाले, पोर काळजीत आसंल."